डांबराचा फेस चार सेकंदांत बसतोय, फोमिंग एजंट घालावं का?

चाळणी_७५मायक्रॉन

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे. आज पहिलाच धागा काढतेय, तोही रुक्ष. सांभाळून घ्या.

मराठवाड्यात एका राज्यमार्गाच्या कामावर साइट लॅब माझ्याकडे आहे. जुना रस्ता उखडून टाकायचा नाही. मोठं रिसायकलर मशीन वरचा २०० मिलिमीटरचा थर जागेवरच खरवडतं आणि खरवडणाऱ्या ड्रममध्येच गरम डांबराचा फेस आणि एक टक्का सिमेंट मिसळतं. मागून ग्रेडर, रोलर. त्यावर डीबीएम, बीसी, म्हणजे गरम डांबर-खडीचे वरचे थर. नवी खडी जवळजवळ लागत नाही, म्हणून सगळे खूश.

ज्यांचा रस्त्यांशी संबंध खड्डे चुकवण्यापुरताच आहे त्यांच्यासाठी: १७० अंशांच्या डांबरात दोन-अडीच टक्के गार पाणी दाबाने सोडलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि डांबर फुगतं. पातळ झालेला हा फेस ओलसर, थंड मातीखडीतही मिसळता येतो. तेच साधं गरम डांबर ओतलं तर नुसत्या गुठळ्या होतील. फेसाची परीक्षा दोन आकड्यांवर. किती पट फुगला ते एक्स्पान्शन, आणि फुगून अर्ध्यावर यायला किती सेकंद लागले ती हाफ-लाइफ. किमान ८ पट आणि ६ सेकंद हवेत.

आता दुखणं. ५०० ग्रॅम डांबर फेस होऊन चाचणीच्या ड्रममध्ये पडतं, मी पट्टी घेऊन शेजारी उभी, लॅबचा मुलगा मोबाइलवर स्टॉपवॉच लावून. फुगतं झकास, १४ पट. पण मी "हां, झालं" म्हणेपर्यंत खाली बसायला लागलेलं असतं. गॅस बंद केल्यावर उतू जाणारं दूध बसतं ना, तसं. चार सेकंद. कधी साडेतीन. डांबर व्हीजी-३० प्रतीचं आहे, तापमान १६०, पाणी अडीच टक्के.

परवा एक विक्रेता फोमिंग एजंटचे निळे कॅन घेऊन आला. डांबराच्या अर्धा टक्का घाला म्हणाला, हाफ-लाइफ वीस सेकंद करून देतो. मॅनेजर म्हणतात घालून टाक. माझं मन होत नाहीये. यात नक्की असतं काय? आणि पुढे रस्त्याला बाधणार तर नाही ना?

घाटातला_टेम्पो

डांबराचं अर्धायुष्य चार सेकंद, आमच्या गावच्या रस्त्याचं एक पावसाळा. वाचतोय.

निवृत्त_शाखाअभियंता

ताई, औषधाआधी ताप मोजा. १६० हे तापमान कुठलं? टँकरच्या डायलवरचं की फवारणीच्या जागेचं? टँकरच्या काट्यावर मी ३४ वर्षांच्या नोकरीत कधी भरवसा ठेवला नाही. काटा १६० दाखवतो आणि पाइपातून १४५ चं डांबर येतं. तुमचं डांबर बहुधा गार आहे. स्वतःचा थर्मामीटर लावा, १७५ ला नेऊन परत चाचणी घ्या. पाणी २, २.५, ३ असं बदलून तिन्ही वेळा. मग बोलू.

चाळणी_७५मायक्रॉन

सर, लॅबच्या छोट्या फोमिंग यंत्रावर तापमान मी स्वतः बघितलंय, १६० खरंच होतं. उद्या १७५ ला करते.

तूवूंबाकर

ऑस्ट्रेलियातून लिहितोय, क्वीन्सलँडमध्ये याच कामात आहे. (तूवूंबा हे आडनाव नाही, गाव आहे.)

निळ्या कॅनला इतकं घाबरू नका. आमच्याकडे फोमिंग एजंट अपवादाने नाही, नेहमीच घालतात. इथल्या प्रतवारीतलं क्लास १७० चं डांबर, ३ ते साडेतीन टक्के, सोबत दीड-दोन टक्के चुना आणि एजंट, हा ठरलेला मेनू. तुमच्याकडे सिमेंट का आणि आमच्याकडे चुना का, यालाही कारण आहे. चुना सावकाश पकडतो. लांबच लांब पट्ट्यावर ग्रेडरला हात फिरवायला वेळ मिळतो. वर अनेकदा नुसता खडीचा सील असतो आणि त्यावरून ट्रकच्या मागे ट्रेलर, त्याच्या मागे आणखी ट्रेलर धावत असतात. २०११ आणि २०१३ च्या पुरांनंतर इथे या पद्धतीवरचा विश्वास वाढला, कारण पाण्याखाली राहिलेल्या रस्त्यांत हे पट्टे तुलनेने बरे निघाले.

अवांतर: या शोधाची सुरुवात अमेरिकेतली. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत लॅडिस चान्यी या प्राध्यापकांनी १९५६ च्या सुमारास गरम डांबरात वाफ सोडून फेस केला. पण साइटवर बॉयलर कोण ओढत नेणार? पुढे मोबिल ऑइल ऑस्ट्रेलियाने १९६८ मध्ये पेटंटचे हक्क घेतले आणि वाफेऐवजी गार पाणी वापरायची युक्ती काढली. म्हणजे तुमच्या मशीनमधला नोझल अर्धा आमचाच.

साधी_वाचक

एक बाळबोध शंका. पाण्याने फेस होतो तर पाणी वाढवा ना. औषध कशाला?

चाळणी_७५मायक्रॉन

बाळबोध अजिबात नाही, इंटर्न असताना मीही हेच विचारलं होतं. १ किलो डांबर घ्या, त्यात २० ग्रॅम पाणी. त्याची वाफ साधारण ३३ लिटर होते. डांबर लिटरभरच, म्हणजे हिशेबाने फेस तेहतीस-चौतीस पट व्हायला हवा. आम्हाला मिळतो १० ते १५ पट, कारण अर्ध्याहून जास्त वाफ बुडबुडा धरायच्या आतच निसटते. शिवाय २० ग्रॅम पाणी तापून वाफ व्हायला साधारण ५० किलोज्यूल उष्णता लागते आणि ती डांबरातूनच जाते. डांबर त्यात पंचवीसेक अंशांनी थंड होतं. पाणी तीन टक्के केलं तर जवळजवळ चाळीस अंशांनी. म्हणजे पाणी वाढवलं की फेस मोठा होतो पण लवकर मरतो, कमी केलं की टिकतो पण फुगतच नाही. या ओढाताणीतला मधला बिंदू शोधणं हे माझं अर्धं काम.

थेंबभर_शहाणा

सर्फॅक्टंट (साबणासारखी पृष्ठताण घटवणारी रसायनं) बनवणाऱ्या कारखान्यात बारा वर्षं काढलीत, म्हणून तोंड घालतो. "यात नक्की असतं काय" याचं उत्तर विक्रेता देणार नाही. नेमकी कृती मीही देणार नाही, पण तत्त्व सांगतो.

साबणाच्या फेसाचं डोक्यातून काढून टाका. साबणाचा रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन आपली तेलकट शेपटी हवेत काढतो, पृष्ठताण घटतो, फेस टिकतो. डांबर स्वतःच तेल आहे. त्याचा पृष्ठताण आधीच कमी. तेलकट शेपटीच्या रेणूला हवेकडे जायची काही गरजच नाही, तो आत मजेत बसतो. त्यामुळे धुण्याची पावडर टाकून डांबराला फेस येत नाही. (हसू नका. एका साइटवर खरंच टाकली होती.)

मग फोमिंग एजंट करतो काय? एक म्हणजे पाणी आणि डांबर यांच्या सीमेवर जाऊन बसतो. नोझलमधून आलेलं पाणी जास्त बारीक थेंबांत फुटतं. थेंब बारीक तर बुडबुडे बारीक, आणि बारीक बुडबुडे दमाने फुटतात. दुसरं, दोन बुडबुड्यांमधल्या पापुद्र्यातून डांबर खाली ओघळायचा वेग मंदावतो. म्हणून एजंटने एक्स्पान्शन थोडं वाढतं, खरी वाढ हाफ-लाइफमध्ये दिसते.

पण ताई, मला तुमच्या आकड्यात वेगळाच वास येतोय. फुगणं १४ पट उत्तम आणि टिकणं भिकार, ही जोडी नुसत्या गार डांबराची वाटत नाही. गार असतं तर मुळात फुगलंच कमी असतं. तुमच्या डांबरात कुणी अँटीफोम घातलंय का ते बघा. म्हणजे फेस मारणारं सिलिकॉन ऑइल.

काहील_कोल्हापूर

अँटीफोम म्हटल्यावर आमच्यासारख्या शेतकऱ्याला पण बोलायला जागा झाली. गुऱ्हाळावर रस कढताना काहिलीत फेस वर चढतो, उतू जाईल असं वाटतं, तेव्हा गुळव्या काय करतो? गोडेतेलाचे किंवा एरंडेलाचे चार थेंब टाकतो. फेस सर्रकन खाली. आमचे आजोबा तर वाटीसुद्धा घेत नसत. तेलात बोट बुडवून काहिलीवर झटकायचे, बास. शंभर लिटर रसाला ते चार थेंब पुरे व्हायचे. तसलंच काही का?

थेंबभर_शहाणा

काका, अगदी तेच! चार थेंब हा मुद्दा लाखमोलाचा. सिलिकॉनही दहा लाखांत काही भाग इतकंच लागतं. पापुद्र्यावर थेंब पसरतो, तिथला पापुद्रा पातळ होतो आणि फाटतो. गंमत अशी की काही तेलांत सिलिकॉन पूर्ण विरघळेल इतकं कमी असलं तर उलट फेस टिकवायला मदत करतं. न विरघळता सुटे थेंब उरले की फेस फोडायला लागतं.

डांबरात हे कोण घालतं? टाकीत ओल असेल तर गरम डांबर भरताना फेसाळून वर येतं, माणसं भाजतात. म्हणून कुठे रिफायनरीत, कुठे डेपोत, कुठे टँकरवाला स्वतःच खबरदारी म्हणून घालतो. हॉटमिक्सवाल्याला त्याने काडीचा फरक पडत नाही. फोमवाल्याचं मात्र वाटोळं.

गिट्टीखदान

ह्या फेसाळण्याचा प्रसाद मी घेतला आहे, लिहितो. नागपूरच्या बाजूची साइट, कंपनीचं नाव राहू द्या. टँकरनं आदल्या खेपेला इमल्शन आणलं होतं, इमल्शन म्हणजे पाण्यात कालवलेलं डांबर, चाळीसेक टक्के पाणीच. तळाशी उरलेलं काढलंच नाही अन् वरून गरम डांबर भरलं. आधी गुडगुड आवाज आला. हेल्पर म्हणाला, "भाऊ, टाकी बोलून राहिली." मी म्हटलं पळ. झाकणातून डांबर असं वर आलं जसं कुकरची शिटी उडाल्यावर वरण. टँकरच्या दोन्ही अंगांनी काळे ओघळ. माणूस वाचला, माझे बूट गेले.

म्हणून ताई, तुमच्या त्या निळ्या कॅनमध्ये पाणी आहे का ते आधी विचारा. पाण्यात कालवलेलं औषध १७० च्या टँकरमध्ये ओतलं तर हाफ-लाइफ मोजायला कोणी उरायचं नाही.

तूवूंबाकर

गिट्टीभाऊंना पूर्ण अनुमोदन. सुरक्षापत्रक मागा. त्यात उकळबिंदू, ज्वलनबिंदू आणि पाण्याचं प्रमाण वाचल्याशिवाय कॅन उघडायचा नाही. मिसळताना पंपाने फिरवत मिसळायचं, वरून बादलीने ओतून झाकण लावायचं नाही. आणि मिसळल्यावर डांबर रात्रभर तापत ठेवून सकाळी वापरू नका, काही एजंट उष्णतेने हळूहळू निकामी होतात. सकाळी टँकर सुरू करायच्या आधी पुन्हा चाचणी.

निवृत्त_शाखाअभियंता

चर्चा रंगली आहे, पण एक घोळ वेळीच थांबवतो. विक्रेते एकाच कॅनवर दोन गोष्टी विकतात. फेस टिकवणारं रसायन निराळं, आणि पाण्याने डांबर दगडापासून सुटू नये म्हणून घालतात ते अँटीस्ट्रिपिंग निराळं. दुसऱ्यात अमाइन असतं किंवा सिलेन. फेस वीस सेकंद टिकला म्हणजे रस्ता पावसात टिकला असं नव्हे.

फोम्ड बिटुमेनमध्ये (म्हणजे या फेसाच्या पद्धतीत) डांबर दगडाला पूर्ण लेपत नाही हे लक्षात घ्या. ते बारीक भुकटीला धरतं, आणि ती काळी भुकटी मोठ्या खडीला ठिकठिकाणी टाचून ठेवते. वेल्डरने टाके मारावेत तशी. म्हणून ७५ मायक्रॉनच्या चाळणीखालचा माल किमान ५ टक्के हवा. (धागाकर्तीच्या नावातच उत्तर आहे!) ती भुकटी नसेल तर जगातला कुठलाही फेस उपयोगाचा नाही. आणि पाण्यात भिजल्यावरची ताकद येते ती मुख्यतः सिमेंट-चुन्यातून. म्हणून तुमचे आयटीएसचे (नमुना बाजूने दाबून मोजलेल्या ताणशक्तीचे) आकडे द्या, कोरडे आणि भिजवलेले. नुसत्या बादलीतल्या फेसावर मी मत देणार नाही.

चाळणी_७५मायक्रॉन

सर, डिझाइनच्या वेळचे आकडे चांगले होते. १०० मिलिमीटरचे नमुने, दोन्ही बाजूंनी ७५ ठोके, ४० अंशांना ७२ तास. कोरडे २२५ किलोपास्कलच्या वर, भिजवलेले १०० च्या बरेच वर, म्हणजे हवे तसे. पण डिझाइनला वापरलेलं डांबर जानेवारीतल्या दुसऱ्या खेपेचं होतं. त्याची हाफ-लाइफ ९ आली होती, आत्ता वही उघडून बघितली.

भुकटी ७ टक्के आहे, जुना मुरूम आणि डब्ल्यूएमएम (पाणी घालून दाबलेल्या खडीचा थर) कृपेने.

आजचे आकडे: १७५ अंशांना, पाणी २.५ वर एक्स्पान्शन १५, हाफ-लाइफ ५. पाणी २ वर ११ आणि साडेपाच. म्हणजे सर म्हणाले तसं तापमानाने थोडं सुधारलं, पण सहाला टेकलं नाही.

थेंबभर_शहाणा

त्याच व्हीजी-३० ची एक खेप ९ आणि दुसरी ४. मला तर चोर दिसला. कमी डोस देऊन एजंट घालून बघा, पण फक्त लॅबमध्ये. ०.३ आणि ०.५. मग जुन्या खेपेचा डबा शिल्लक असेल तर त्यातही तेवढंच. सिलिकॉन असेल तर नव्या खेपेत एजंटला फार झगडावं लागेल.

रॅप_वाला_मुंबई

हे सगळं ठीक, पण खर्चाचं कोणी बोलत नाहीये. ७ मीटर रुंद, २०० मिमी खोल, १ किमी धरा. १४०० घनमीटर, म्हणजे २९०० टनांच्या आसपास माल. २.२ टक्क्यांनी डांबर ६५ टन. अर्धा टक्का एजंट म्हणजे किलोमीटरला सव्वातीनशे किलो रसायन. सिमेंट त्याच किलोमीटरला ५९० गोणी. बिलात एजंट कुठे आहे? निविदेत ती बाबच नसणार. मॅनेजर "घालून टाक" म्हणतात ते कोणाच्या खिशातून?

चाळणी_७५मायक्रॉन

दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. निविदेत नाही. म्हणूनच सगळे म्हणतायत की घालायचं तर ०.२ घाल, म्हणजे घातलं असंही म्हणता येईल.

निवृत्त_शाखाअभियंता

०.२ घालून चाचणीत ६ सेकंद आले तर ०.२ घाला. न आले तर तो पैसा गटारात. अर्धवट डोसाला चाचणी माफ नसते.

चाळणी_७५मायक्रॉन

चार दिवस गायब होते, क्षमस्व. मोठं रामायण झालं.

लॅबमध्ये जुन्या डब्यातल्या डांबरात ०.५ टक्के घातलं: हाफ-लाइफ ९ वरून २२. नव्या खेपेत तेवढंच घातलं: ५ वरून ७. ०.३ ला जेमतेम ६. शहाणा, तुमचा चोर खरा निघाला.

मग टँकरवाल्याला चहा पाजला. आधी "आपन काय नाय टाकलं ताई", दुसऱ्या चहाला "थोडंसं टाकतात सगळेच". फेब्रुवारीत टाकीच्या हीटिंग कॉइलजवळून पाणी झिरपत होतं, गरम करताना फेसाळायचं, म्हणून औषधाच्या बाटलीएवढं काहीतरी "फेस मारायचं तेल" ओतायचे. बाटली दाखवली. लेबल फाटलेलं, पण आत पारदर्शक, बुळबुळीत. बोटाला लागलेलं साबणाने तीन वेळा धुऊन गेलं नाही.

म्हणजे आम्ही एकाला फेस मारायचे पैसे देत होतो आणि दुसऱ्याला फेस जगवायचे देणार होतो.

आता वाईट भाग. हे कळायच्या आधी जवळपास ३०० मीटर पट्टा त्याच डांबरावर झाला होता. मी नोंद केली होती, "चाचणी अपात्र" असं लिहून सही केली होती, तरी "चालवून घे, वर डीबीएम येतंयच" असं उत्तर मिळालं होतं. परवा त्या पट्ट्यात आणि नंतर दुसऱ्या टँकरच्या डांबरावर केलेल्या नव्या पट्ट्यात दोन्हीकडे हातभर खड्डे घेतले. नव्या पट्ट्यातला माल मुठीत दाबला तर तळहातावर तिळाएवढे काळे ठिपके, सगळीकडे सारखे, माल तपकिरीच. जुन्या पट्ट्यात ठिपके नाहीतच जवळजवळ. त्याऐवजी शेवयांसारखे काळे दोरे आणि बोराएवढ्या दोन गुठळ्या. तेवढं डांबर तिथे फुकट. फोटो काढून ठेवलेत, इथे टाकत नाही, कारण समजून घ्या.

तूवूंबाकर

शेवया! इथेही यालाच दोरे म्हणतात आणि ते दिसले की काम थांबतं. ६ सेकंद पुरतात का असं पुष्कळ जण विचारतात. पुरतात, कारण ड्रममध्ये फेस आणि माल एकत्र ढवळायला काही सेकंदच लागतात. वीस सेकंदांचा फेस सहाच्या तिप्पट चांगला असा हिशेब नाही. पण तीन-चार सेकंदांचा फेस ड्रमच्या आतच मरतो, आणि मग तुम्ही वर्णन केलंत ते.

दोन आकड्यांवरही आंधळा विश्वास नको. दक्षिण आफ्रिकेत स्टेलेनबॉश विद्यापीठाच्या किम जेंकिन्स यांनी २००० च्या प्रबंधात फोम इंडेक्स मांडला. फेस बसतानाचा पूर्ण आलेख काढायचा आणि त्याखालचं क्षेत्रफळ बघायचं. दर दोन सेकंदांनी पट्टी वाचून तुम्हीही वहीत काढू शकता.

साधी_वाचक

आई गं, रस्त्याखाली शेवया. वाखुसा (वाचनखूण साठवली).

निवृत्त_शाखाअभियंता

त्या ३०० मीटरचं लेखी कळवा. तोंडी नाही, व्हॉट्सॲपवर नाही, आवक क्रमांकाचा शिक्का घेऊन. अजून वर डीबीएम आलं नसेल तर मशीन पुन्हा फिरवता येतं. एक टक्का डांबर आणि दिवसभराचं डिझेल लागेल, पण खालचं सिमेंट पकडून बसलेलं असल्याने पुन्हा दळलेला माल जुना धरून चालू नका, नवं आयटीएस करा. सिमेंट मात्र वाढवू नका. एक टक्क्याच्या वर गेलात की थर काचेसारखा होतो, भेगा पडतात, मग डांबर घातलं काय नि न घातलं काय.

चाळणी_७५मायक्रॉन

लेखी दिलं. शिक्का मिळाला. निर्णय अजून नाही.

डांबर दुसऱ्या टँकरचं मागवलं, टाकी रिकामी आणि कोरडी बघून. १७२ अंश, पाणी २.३, एक्स्पान्शन १३, हाफ-लाइफ १०. मशीनच्या बाजूच्या टेस्ट नोझलवरही ९ आली. एजंट न घालता. आतापर्यंत ८०० मीटर झाले.

विक्रेत्याचे तीन कॅन लॅबच्या कोपऱ्यात पडलेत. पैसे देऊन झालेत. परत घेत नाही म्हणतो.

थेंबभर_शहाणा

झाकणं घट्ट लावून सावलीत ठेवा, कॅनवर तारीख टाका. एखादी खेप ५ वर अडकलेली येईल, कुणी तेल न ओतताही येते, कारण कच्चं तेल बदललं की डांबर बदलतं. तेव्हा ०.३ ने काम होईल. पण आधी टँकरवाल्याला चहा.

गिट्टीखदान

आणि ती बाटली जप्त केली का?

चाळणी_७५मायक्रॉन

माझ्या कपाटात आहे. स्टिकर लावलाय, "तूप नाही".

निवृत्त_शाखाअभियंता

पहिल्या चार मोठ्या पावसांनंतर ३०० आणि ८०० दोन्ही पट्ट्यांचे फोटो इथेच टाका. धागा मी वर काढत राहीन.